आतलं दार

मिस्त्रींनी आसपासच्या चार-पाच गल्ल्यांमधल्या निम्म्या घरांना दारं करून दिली होती, पण त्यांच्या स्वतःच्या घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. पुढचं होतं, न्हाणीघराचं होतं, आणि मागच्या अंगाला लाकूड ठेवायची कोठी होती, तिला एक होतं. बाकी सगळीकडे पडदे. लोक हसायचे. मिस्त्री म्हणायचे, "घरात चोर कोण आहे, की दारं लावून बसू?" खरी गोष्ट अशी की घरासाठी म्हणून दार करायला घ्यावं आणि ते पुरं होतंय तोवर एखाद्या अडलेल्या गिऱ्हाइकाने ते उचलून न्यावं, असं दोन-तीनदा झालं आणि मग पडद्यांची सवय झाली. एकदा सवय झाली की माणूस तिला तत्त्व म्हणायला लागतो, त्यातलाच तो प्रकार.

मिस्त्रींच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. आधी फक्त नणंद म्हणायची. तिचं ऐकून कारखान्यातले कारागीर म्हणू लागले, मग दुकानदार, मग गल्ली. आता तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा तिला वहिनीच म्हणायची. खाली कारखाना, वर घर आणि घरावर माडीची एक खोली. मिस्त्रींनी घडवायचं आणि वहिनीने घासून, पॉलिश करून चमकवायचं, अशी दोघांची वाटणी. कापसाचा बोळा कापडात गुंडाळायचा, पॉलिशमध्ये बुडवायचा आणि लाकडावर गोल गोल हात फिरवत राहायचं. हे काम घाईचं नाही, आणि वहिनीचा स्वभावही घाईचा नाही. शेजारी रेडिओ चालू असला की तिला आणखी काही नको असे.

तर ते कोठीचं दार. त्या दाराला या घरात एक वेगळंच काम होतं. कुणी रुसलं की त्याने कोठीत जायचं आणि दार ओढून घ्यायचं. लग्न झालं त्या वर्षी वहिनी स्वतः गेली होती. काहीतरी घालूनपाडून बोलणं झालं होतं, काय ते आता आठवतही नाही. फळ्यांच्या ढिगावर ती रडत बसली, तर थोड्या वेळाने बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि भिंतीशी बोलत होत्या. "वय झालं की जिभेला हाड राहत नाही माणसाच्या. पोरी बिचाऱ्या ऐकून घेतात." वहिनीने दार उघडलं तेव्हा सासूबाईंनी वर न बघता निम्मे मटार तिच्यापुढे सरकवले. झालं. पुन्हा त्या विषयाचं नाव निघालं नाही.

रीत म्हणतात ती हीच. बंद दाराबाहेर कुणीतरी बसायचं. हाका मारायच्या नाहीत, ठोठावायचं तर मुळीच नाही, कारण ठोठावतो तो परका माणूस. खायला काहीतरी घेऊन नुसतं बसायचं आणि आतल्याला कळेल एवढी खुडबुड करायची. शाळेत असताना मुलगा रुसला तेव्हा वहिनी बसली. एका गिऱ्हाइकाने टेबलाला नावं ठेवली म्हणून खुद्द मिस्त्री कोठीत गेले, तेव्हा दोनदा चहा गार होईपर्यंत वहिनी बाहेर बसून होती. आत माणूस आहे आणि बाहेर कुणीच नाही, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं.

मुलगा मोठा होऊन लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला. कंपनीने समुद्रापलीकडे पाठवला. तिथेच त्याने लग्न केलं. मुलगी तिकडचीच, दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि टोप्या बनवायची. कामाला हात सोन्याचा, असं मुलगा कौतुकाने सांगायचा. आता त्याची बदली इकडे झाली आणि दोघं आली, बरोबर काही महिन्यांची लेक घेऊन. लेकीचं डोकं गोल आणि गुळगुळीत, केसाचा पत्ता नाही. मिस्त्रींनी बघता क्षणी तिला गोटी म्हटलं आणि तेच नाव पडलं. येताना मुलगा म्हणाला होता, "आत्ता इथेच उतरतो, मग बघू." वहिनीने त्यातलं 'मग बघू' तेवढं मनात धरून ठेवलं होतं. तिला ती तिघं इथेच हवी होती. वरची खोली मोठी होती, ऊन येत होतं, आणि इतकी वर्षं नुसती पडून होती.

सूनबाई इकडची भाषा नवऱ्याकडून शिकून आलेली. वाक्यं छोटी, पण स्वच्छ. एकेक शब्द घासूनपुसून ठेवल्यासारखा. विचारलं तर सरळ सांगायची, आणि इथेच पहिल्याच दिवशी थोडं अडखळायला झालं. वहिनी म्हणाली, "दमली असशील, चार घास खाऊन घे."

"नको आई. भूक नाही."

"अगं, थोडंसं."

"नको, खरंच."

वहिनीने तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही नकोच. वहिनी ताट घेऊन तशीच उभी. या घरात पहिल्या दोन नकारांना कुणी मोजतच नव्हतं, आणि तिसऱ्याला तरी माणूस हो म्हणतंच. पण नवी आहे, होईल सवय, म्हणून तिने ते सोडून दिलं.

मग एक दिवस मुलगा कारखान्यात येऊन म्हणाला, "बाबा, खोलीला दार लागेल."

मिस्त्रींनी रंधा थांबवला. "पडद्याला काय झालं? नवा आहे."

"तिला दाराची सवय आहे. बाळाला पाजते, झोपवते. पडदा काय, कुणीही येतं-जातं."

"कुणीही म्हणजे कोण? तुझी आईच ना?"

"आईच, बाबा," मुलगा म्हणाला.

मिस्त्री दिवसभर घुश्श्यात होते. पण संध्याकाळी वहिनी बघते तर त्यांनी बाजूला राखून ठेवलेलं चांगलं लाकूड खाली काढलेलं. "करायचंच आहे तर नीट करू," ते म्हणाले. "तिच्या माहेरचे म्हणतील, सुताराच्या घरात फडतूस दार." आणि खरोखर असं दार केलं की बघत राहावं. फळ्यांचे सांधे बोटाला लागत नव्हते. बिजागऱ्या पितळेच्या. वहिनीने ते दोन्ही बाजूंनी पॉलिश केलं, आतून जरा जास्तच, कारण आतली बाजू सुनेला दिसणार. दार बसवलं तेव्हा सूनबाईने त्यावरून तळहात फिरवला, सांध्यांवर नख फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "फार चांगलं काम आहे." कामातलं कळणाऱ्या माणसाने म्हणावं तसं म्हणाली. मिस्त्रींची कळी खुलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर सूनबाई गोटीला घेऊन खोलीत गेली आणि तिने दार लावलं.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. कडी लागल्याचा आवाज तिने ऐकला आणि हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. आपण काय बोललो? सकाळपासूनचं सगळं तिने आठवून पाहिलं. जेवताना आपण म्हटलं होतं, "मानेखाली हात धर गं, मान अजून धरत नाही ती." तेच लागलं असणार. आपल्या लेकराची मान आपल्याला धरता येत नाही, असं कुणी म्हटलेलं कोणत्या आईला आवडेल? वहिनीने हात पुसले. फळं कापून ताटलीत घेतली, स्टूल उचललं आणि वर जाऊन दाराबाहेर बसली.

"आम्हा म्हाताऱ्यांना गप्प बसवत नाही," ती भिंतीला म्हणाली. "मुलं वाढवून किती वर्षं झाली, आणि शहाणपण शिकवायला तयार."

आत काही हालचाल नाही. ती बसून राहिली. मधे खोकली. ताटली या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. बऱ्याच वेळाने दार उघडलं आणि सूनबाई दचकली.

"आई? काही हवं होतं?"

"छे गं, सहज. घे, फळ खा."

सूनबाईने एक फोड उचलली, खाल्ली, "छान आहे" म्हणाली, आणि वहिनीचा जीव भांड्यात पडला. निघाला रुसवा. पोरगी मनाने चांगली आहे, फार ताणून धरत नाही.

पण दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा कडी लागली.

आज रेडिओ. कारखान्यात तो जरा मोठ्याने लावलेला असतो, लेकराची झोप मोडली असेल. वहिनी स्टूलावर बसली, भिंतीशी रेडिओविषयी बोलली आणि खाली जाऊन रेडिओ बंद करून टाकला. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं मिक्सर. तो ती सकाळी उठल्या-उठल्या फिरवू लागली. त्यानंतर वाटलं नणंद, कारण नणंदेने झोपलेली गोटी कौतुकाने उचलून घेतली होती. वहिनीने तिला सांगितलं, "वन्सं, दुपारच्या येऊ नका हं काही दिवस."

"का गं वहिनी? सूनबाईंची परवानगी काढायला हवी का आता?"

"तसं नाही हो. रुसते ती."

"रोज?"

"रोज."

नणंदेने कपाळाला हात लावला. "रोज रुसायला काय, तिला ते कामच लावलंय का कुणी? मला तर वर्षातून एकदा रुसायचं म्हटलं तरी सवड होत नाही." आणि त्यापायी ती स्वतः रुसून गेली, ती आठवडाभर फिरकली नाही. तिच्या घरी जाऊन तिच्या दाराबाहेर बसायला वहिनीला वेळ कुठे होता?

वहिनी दमली की मिस्त्री बसायचे. ते पेपर घेऊन बसत आणि बातम्या मोठ्याने वाचत. मधेच पेपर खाली करून म्हणत, "दार केलं, तेही आवडलं. मग आता काय राहिलं?" स्टूल खाली नेऊन परत आणण्याचा त्रास नको म्हणून आता ते वरच ठेवलेलं असे.

सूनबाईच्या वागण्यात मात्र उणं काही दिसत नव्हतं, उलट ती जास्तच नम्र झाली होती, आणि हेच वहिनीला खटकत होतं. पूर्वी दार उघडून सरळ बाहेर यायची. आता आधी फटीतून बघायची, स्टूलावर कुणी असलं की पुन्हा हळूच लोटून घ्यायची. कधी भर दुपारी गोटीला गाडीत घालून बाहेर फिरायला न्यायची. डोळ्यांखाली काळं दिसू लागलं होतं. वहिनीच्या मनात यायचं, आपलं असं काय चुकतंय की इतकं करूनही पोरीच्या मनातली अढी जात नाही?

आणि मग एक दिवस कामावर जाताना बूट घालता घालता मुलगा म्हणाला, "आई, रविवारी आम्ही एक घर बघायला जाणार आहोत. गोटी राहील ना तुझ्याकडे?"

वहिनी त्याचा डबा भरत होती, तो भरून तिने झाकण लावलं. मग म्हणाली, "माझं काय चुकलं ते तरी सांग."

"तुझं काही नाही गं. तिला जरा कोंडल्यासारखं होतंय."

"दार ती स्वतःच लावते आणि कोंडल्यासारखंही तिलाच होतं?"

"मलाही नीट नाही कळत. म्हणते, चोवीस तास कुणाची तरी नजर आहे असं वाटतं." त्याने डबा घेतला. "मनाला लावून घेऊ नकोस. जवळच आहे घर."

जवळ असेना का. जवळचं घर म्हणजे दुसरं घर. वहिनी त्या दिवशी एका कपाटाला पॉलिश करत होती, आणि लक्षात आलं तेव्हा एकच फळी तिने इतकी घासली होती की ती बाकीच्यांहून वेगळी दिसायला लागली होती.

रविवारी दोघं गेली. सूनबाईने दूध बाटलीत काढून ठेवलं होतं, लंगोट कुठे, टोपडं कुठे ते दाखवलं आणि जाताना म्हणाली, "तुमच्याकडे असली की मला काळजी नसते." वहिनी मनात म्हणाली, मग घर कशाला बघतेस?

गोटीने बाटली संपवली आणि वहिनीच्या दंडावरच डोळे मिटले. तेवढ्यात खाली मिस्त्रींनी करवतीचं मशीन सुरू केलं. कुणाच्या तरी खिडक्या दुसऱ्या दिवशी द्यायच्या होत्या. पोर दचकली, तिचे ओठ वाकडे झाले. वहिनी घाईने खोलीत गेली आणि तिने पायाने दार लोटलं, मग मोकळ्या हाताने कडी घातली.

करवतीचा आवाज एकदम लांब गेला, दुसऱ्या कुठल्या तरी गल्लीत चालल्यासारखा. वहिनी पलंगावर टेकली. गोटीचा श्वास ऐकू येत होता. आपण पॉलिश केलेल्या लाकडाचा वासही पहिल्यांदाच नीट येत होता. कुणी वहिनी म्हणून हाक मारत नव्हतं. कुणाला काही द्यायचं नव्हतं, कुणाच्या चेहऱ्याकडे बघून काही ओळखायचं नव्हतं. तिचे खांदे आपोआप खाली आले, तेव्हा तिला कळलं की ते इतका वेळ वर होते. ती आडवी झाली. गोटीची मूठ तिच्या गळ्याशी होती. झोप नाही म्हणता येणार, पण डोळे मिटलेले होते.

दारावर दोन टिचक्या वाजल्या. हलक्या.

वहिनीने डोळे उघडले. आपल्यासाठी कुणी दार ठोठावण्याची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. यावर काय म्हणतात? 'कोण आहे' म्हणावं, तर सूनबाईच परतली असणार हे ठाऊक होतं. 'ये' म्हणावं, तर पोर उठेल. ती विचार करत राहिली आणि तेवढ्यात पावलं जिना उतरून खाली गेली.

वहिनी कान देऊन पडून राहिली. आता परत येईल, काहीतरी घेऊन येईल. स्टूल बाहेरच आहे, सरकवल्याचा आवाज येईल. कुणी आलं नाही. खाली नळ वाजला, पेला ठेवल्याचा आवाज आला, आणि मग काहीच नाही. दार बंद होतं, आत आपण होतो आणि बाहेर कुणी नव्हतं. वहिनीला एकाएकी टाकून दिल्यासारखं वाटलं. आपण रुसलेलो नाही हे माहीत असूनही वाटलं.

तिने गोटीला पलंगावर मधोमध ठेवलं, दोन्ही बाजूंना उशा लावल्या, आणि खाली गेली. सूनबाई स्वयंपाकघरात एकटीच पाणी पीत उभी होती. मुलगा खाली मिस्त्रींशी बोलत होता.

"तू वर आली होतीस?"

"हो. ठोठावलं. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून खाली आले."

"दार बंद होतं."

"हो."

"दार बंद होतं आणि तू निघून आलीस?"

सूनबाईने पेला खाली ठेवला. आपल्यावर कसला आरोप होतोय हे तिला समजेना. "बंद होतं म्हणूनच आले. तुम्ही आराम करत होतात ना?"

"आणि मी रुसले असते तर?"

"रुसला होतात?"

"नाही गं. असते तर म्हणते."

सूनबाईने खरंच विचार केला. "मग तुम्हाला एकटं राहायचं असतं. तरी मी आलेच असते खाली."

वहिनी खुर्चीत बसली. रुसलेल्या माणसाला एकटं राहायचं असतं, हे तिला इतकं नवीन होतं की बसल्याशिवाय तिला ते समजून घेताच आलं नसतं. सूनबाईही समोर बसली. टेबलावरच्या फडक्याची घडी घातली, उलगडली. मग म्हणाली, "आई, मी एक विचारू? तुम्ही माझ्या दाराबाहेर का बसता?"

"तू रुसतेस म्हणून."

"मी?"

"रोज दुपारी."

"कशावर रुसते मी?"

"तेच तर शोधतेय," वहिनी म्हणाली, आणि मग तिला थांबताच येईना. "पहिल्या दिवशी मानेवरून बोलले म्हणून. ते पुन्हा नाही बोलले. मग वाटलं रेडिओ, तो बंद केला. मिक्सर सकाळीच उरकते. वन्संना येऊ नका म्हटलं, तर त्या रुसल्या, ते निस्तरायचं राहिलंच आहे. मला आता पुढे काही सुचत नाही. तूच सांग."

"रेडिओ तुम्ही माझ्यासाठी बंद केलात?"

"मग काय, मला नकोसा झाला होता?"

"मला आवडायचा तो. खालून आवाज यायचा, त्याने झोप लागायची. बंद झाला तेव्हा वाटलं बिघडला." सूनबाईने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "आई, मी दुपारी झोपते. बाळ रात्री उठतं, म्हणून दुपारी झोपते. बस्स. आमच्याकडे दार लावणं म्हणजे कुणाला काही सांगणं नसतं. कपडे घालण्यासारखं असतं ते. सगळेच लावतात. माझी आई लावते, भाऊ लावतो. आत कुणी असलं की ठोठावायचं, उत्तर आलं नाही तर मागे फिरायचं."

"आणि बाहेर कुणीच बसत नाही?"

"दवाखान्यात बसतात." ती जरा थांबली. "नाहीतर आतल्या माणसावर विश्वास नसेल तेव्हा. तुम्ही खोकलात ना, की मला वाटायचं, बाळ रडतंय का, मी नीट सांभाळते का, ते ऐकताय. मग झोपच लागायची नाही. दार उघडावं तर समोर तुम्ही. नाहीतर बाबा, पेपर वाचत."

"ते तुझ्यासाठी वाचत होते."

"मला वाटलं त्यांना कमी ऐकू येतं."

वहिनीला हसू आलं, पण ते अर्ध्यावर राहिलं, कारण मधेच तिला त्या डोळ्यांखालच्या काळ्याची आठवण झाली. एवढ्याशा लेकराची आई, झोपायला म्हणून दार लावते आणि आपण बाहेर बसून तिला जागं ठेवतो. रोज. वर फळं कापून. मग तिने सुनेला कोठीचं सगळं सांगितलं. सासूबाईंचे मटार, मिस्त्रींचं टेबल, मुलाचे शाळेतले रुसवे. बाहेर कुणी बसलं नाही तर आतल्याचं काय होतं, ते सांगताना मात्र तिचं वाक्य पुरं झालं नाही, कारण ते तिला आत्ता, थोड्या वेळापूर्वीच कळलं होतं.

सूनबाईने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे तुम्ही इतके दिवस माझी समजूत काढत होतात."

"आणि तू निघालीस घर बघायला." वहिनीने पदराने टेबलावरचं पाण्याचं वर्तुळ पुसलं. "कसं आहे घर?"

"चांगलं आहे. उजेड आहे."

"आवडलं?"

"हो."

एवढं सरळ उत्तर वहिनीला अपेक्षित होतं आणि तरी ते लागलं. पण आता ती हळूहळू शिकत होती: ही मुलगी म्हणते तेच तिला म्हणायचं असतं, त्याच्या मागे दुसरं काही दडलेलं नसतं. मग आपणही तसंच विचारावं. अशा विचारण्याची सवय नव्हती, जीभ अडखळली, तरी तिने विचारलं.

"इथे राहायचं तर तुला काय लागेल? सरळ सांग. आडून सांगितलेलं मला कळत नाही, ते तर दिसलंच."

"दुपारी गोटी झोपली की थोडा वेळ कुणी नको. अगदी कुणी नको." सूनबाईने बोटाने टेबलाची कड चाचपली. "त्यानंतर तुम्ही हव्यात."

वहिनीने मान डोलावली. मग म्हणाली, "आणि खरंच रुसलीस तर? मला कसं कळणार?"

"मी सांगेन. राग आला म्हणून."

"तोंडाने?"

"तोंडाने."

"आत्ता आहे का काही?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. पण सूनबाईने पुन्हा खरोखर विचार केला. "आहे. मी गोटीचे कपडे धुते, ते तुम्ही परत धुता."

"साबण राहतो गं त्यात."

"नाही राहत."

वहिनीला बोचलं. पण बोचलं ते एकाच जागी बोचलं. कुठे बोचलं ते दिवसभर शोधत बसावं लागलं नाही. "बरं," ती म्हणाली. "नाही धुणार. आता मला विचार."

"तुम्हाला राग आहे?"

"आहे. तीन-तीनदा विचारते, तरी नको म्हणतेस जेवायला."

"पण मला भूक नसते."

"भुकेचं कोण विचारतंय?"

सूनबाई हसली. आल्यापासून ती नम्रपणे हसत होती. आज पहिल्यांदा ती आवाज करून हसली, आणि वर गोटी जागी झाली.

गोटीला घेऊन दोघी खाली आल्या, तेव्हा मुलगा हातात फोन घेऊन जिन्याशी उभा होता. "घरमालक विचारतायत, काय ते आजच सांगा म्हणून. अजून दोघं-तिघं मागे आहेत म्हणे. हो म्हणू ना?"

"नको म्हण," सूनबाई म्हणाली.

"नको? तासाभरापूर्वी तर—"

"घर चांगलं आहे. पण आत्ता नको. गोटी चालायला लागली की बघू."

मुलाने आईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "झालंय काय तुमचं?"

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा आवाज तुला चार मजल्यांवरून ऐकू येतो," वहिनी म्हणाली, "आणि घरातलं काही ऐकू येत नाही. तुला दोन्हीकडच्या रीती ठाऊक होत्या. बायकोला सांगायला काय झालं होतं, की तुझी आई दाराबाहेर का बसते ते?"

"मला वाटलं तू वाऱ्याला बसतेस," तो म्हणाला. आणि हे तो अगदी मनापासून म्हणत होता. लहानपणापासून बंद दाराबाहेर कुणीतरी बसलेलं त्याने पाहिलं होतं, त्यामुळे त्याला ते दिसतच नव्हतं.

त्यानंतर सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. मिस्त्रींना पटवायला वेळ लागला. "पोरगी आत एकटी आणि आपण खुशाल खाली? बरं दिसतं का ते?" असं ते म्हणायचे. एकदा तर सवयीने पेपर घेऊन वर निघालेच होते, वहिनीने अर्ध्या जिन्यातून खाली आणले. सूनबाईनेही एकदा, सगळे जेवत असताना, "आई, मला तुमचा राग आलाय," असं सांगितलं, आणि सगळ्यांचे हात थांबले. कारण अगदीच क्षुल्लक होतं. बोलणं झालं, मिटलं, पण त्या दिवशी मिस्त्रींना नीट जेवण गेलं नाही. असलं भरल्या ताटावर, तोंडावर बोललेलं पचवायला त्यांना जमायचं नाही.

एका दुपारी वहिनी कारखान्यात एका पाळण्याच्या कठड्याला पॉलिश करत होती. रेडिओ चालू होता. नणंद आली होती, तिचा रुसवा काढून झाला होता, आणि ती फळीवर बसून पाय हलवत होती. वर कडी लागून थोडाच वेळ झाला असेल, तोच गोटी रडायला लागली.

वहिनी उठून उभी राहिली.

"बस," नणंद म्हणाली. "नको म्हणालीय ना ती?"

"भुकेचं रडणं नाही हे. पोटात दुखतंय तिच्या."

"आईला कळत नसेल का?"

वहिनी उभीच होती. हातातल्या बोळ्यातून पॉलिश तिच्या मनगटावर ओघळलं. रडणं चढलं, जरा घुसमटलं, पुन्हा चढलं. मग वरून सूनबाईचा आवाज आला, तिच्या भाषेतलं काहीतरी, हळू आणि एकसुरी, एकच ओळ पुन्हा पुन्हा. तो आवाज खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होता. रडणं तुटक झालं. मग नुसते हुंदके, आणि मग थांबलंच.

चांगलं झालं, वहिनीने स्वतःला सांगितलं. पण आपल्यावाचून थांबलं याचं तिला जरा वाईटही वाटलं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नाही. तिने मनगट पुसलं, खाली बसली आणि कठड्याची राहिलेली बाजू पुरी करायला घेतली.